ओढा की पाट? परग्रहावरच्या खुणा आणि सातारचा काळा दगड

२०२२ च्या मे महिन्यात एका रात्री माझ्या भाचीने मोबाइलवर एक फोटो पाठवला. मंगळावरचा. क्युरिऑसिटी रोव्हरने ७ मे रोजी टिपलेला. उतारावरच्या खडकात एक दार, दाराला सरळ चौकट, वर सपाट दगड आणि आत शिरणारा अंधार. खाली तिने लिहिलं होतं, "मामा, बघा की. कुणीतरी राहतंय तिथं." ती तेव्हा नववीत होती, कराडला.

मी त्या रात्री काही समजावत बसलो नाही. सुट्टीत ती साताऱ्याला आली तेव्हा तिला एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत घेऊन गेलो. खाणीच्या एका कडेला, जिथे सुरुंग कधी लागलेलाच नाही तिथे, पावसाळ्यात एक दगड निसटून खाली आला होता आणि त्याच्या जागी कोनाडा तयार झाला होता. दोन्ही बाजू उभ्या, वरची कड आडवी. पणती ठेवावी असा.

"हा कोणी कोरला असेल?" मी विचारलं.

ती जवळ गेली, कडेवरून हात फिरवला, खाली पडलेला दगड निरखला. "कोरलेला नाही, मामा. हा दगड इथनंच पडलाय."

मग तिला मंगळावरच्या दाराचं माप सांगितलं. उंची सुमारे ३० सेंटिमीटर, रुंदी सुमारे ४०. कोंबड्यांच्या खुराड्याला असतं तेवढं दार. खडकाला पडलेल्या भेगा एकमेकींना छेदतात, मधला तुकडा निखळतो आणि चौकट मागे राहते. कडेवर हात फिरवणं, निखळलेला तुकडा शोधणं, माप विचारणं: ग्रहांचा अभ्यास करणारे भूशास्त्रज्ञ याहून फार वेगळं काही करत नाहीत. त्यांचा हात तिथवर पोहोचत नाही, म्हणून ते कॅमेरा वापरतात.

त्या दिवसापासून हा विषय आमच्या दोघांच्या मागे लागला आहे. मी भूगर्भशास्त्र शिकलो आणि पुढे शाळेत भूगोल शिकवला. मला मनापासून वाटतं की परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचा शोध हा आकाशाइतकाच दगडाचाही विषय आहे, आणि साताऱ्याच्या माणसाला तो समजायला अवघड जाऊ नये.

या शोधात दोन शब्द येतात. जीवसृष्टीची खूण म्हणजे बायोसिग्नेचर: एखादा वायू, एखादं खनिज, एखादा जीवाश्म. आणि तंत्रज्ञानाची खूण म्हणजे टेक्नोसिग्नेचर: जी एखाद्या यंत्रामुळे, बांधकामामुळे किंवा कारखान्यामुळेच उमटू शकते. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत ग्रीन बँक इथल्या रेडिओ दुर्बिणीने दोन ताऱ्यांकडे कान लावला, तेव्हापासून हा शोध मुख्यतः रेडिओ लहरींचा राहिला. पण रेडिओ ऐकू यायला पलीकडे कोणीतरी नेमक्या वेळी बोलायला हवं. वस्तूचं तसं नसतं. ती पडून राहते. करणारा जाऊन लाख वर्षं झाली तरी पायरी, भिंत, राखेचा थर मागे राहू शकतो. म्हणून काही शास्त्रज्ञ म्हणतात, ग्रहांच्या आणि चंद्रांच्या पृष्ठभागावरही नजर ठेवा. तिथे पहिला प्रश्न येतो तो असा, की दिसतंय ते कोणी केलेलं आहे की आपोआप झालेलं?

मराठीत या प्रश्नासाठी शब्दांच्या जोड्या तयारच आहेत. देवळात गेलं की म्हातारी माणसं सांगतात, ही मूर्ती घडीव आहे आणि हा तांदळा स्वयंभू आहे. घडीव दगडावर टाकीचे घाव असतात, स्वयंभू दगडावर नसतात. दोन्हींना नमस्कार सारखाच, पण फरक ठाऊक असतो. दुसरी जोडी शेतातली. ओढा आणि पाट. पाणी दोन्हींतून वाहतं, पण ओढा पाण्याने केलेला असतो आणि पाट माणसाने.

या दुसऱ्या जोडीची गल्लत झाली आणि जगाने जवळजवळ नव्वद वर्षं मंगळावर माणसं वसवली. १८७७ मध्ये इटलीतल्या मिलानच्या वेधशाळेत जिओव्हानी स्कियापारेली यांना मंगळावर रेघा दिसल्या. त्यांनी लिहिलं 'कनाली'. इटालियन भाषेत या शब्दात ओघळ, चर, नाळ असं सगळं मावतं. इंग्रजीत त्याचा कॅनॉल झाला. कॅनॉल म्हटला की खोदणारा आला, पाणी सोडणारा आला, पाणीपाळी आली. पर्सिव्हल लॉवेल या श्रीमंत अमेरिकन माणसाने १८९४ मध्ये ॲरिझोनात स्वतःची वेधशाळा उभारली आणि कालव्यांचे नकाशे काढले. मंगळ कोरडा पडत चालला आहे आणि तिथले लोक ध्रुवावरच्या बर्फाचं पाणी कालव्यांनी खाली आणत आहेत, असं त्यांचं म्हणणं. सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांत म्हैसाळ, टेंभू, ताकारी या योजनांचं पाणी यायची वाट बघितलेल्या कुणालाही ही कल्पना लगेच पटेल, इतकी ती माणसासारखी आहे. जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि त्याने पाठवलेल्या २१ फोटोंत खड्डे दिसले, उल्का आदळून झालेले. कालवा एकही नव्हता. बहुतेक रेघा दुर्बिणीच्या मर्यादेत, तुटक ठिपके जोडून घेणाऱ्या डोळ्यांनी काढल्या होत्या.

१९७६ मध्ये पुन्हा तेच. व्हायकिंग-१ यानाच्या फोटोत मंगळावरच्या सायडोनिया भागात माणसाचा चेहरा दिसला. त्या फोटोत बारकावे फार कमी होते आणि ऊन तिरकं होतं. २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरने तीच जागा दीड-दोन मीटरचे बारकावे कळतील इतकी स्पष्ट टिपली. झिजलेली एक टेकडी, बास.

मग ओढा आणि पाट आकाशातून ओळखायचे कसे? भाचीला मी हे गुगलच्या उपग्रह नकाशावर शोधायला लावलं. तिने आधी मला हवं तेच उत्तर दिलं: ओढा उताराच्या दिशेने पळतो, वळणं घेतो, त्याला बाजूचे ओहोळ येऊन मिळतात, तो खाली जावा तसा रुंद होतो. पाट उताराला आडवा, डोंगराच्या कडेकडेने, जवळजवळ एकाच उंचीवरून चालतो. आणि वाटेत ओढा आला की त्यात मिसळत नाही, वरून जातो. छान. मी म्हटलं, ठरलं तर मग, उताराला आडवी रेघ दिसली की ती माणसाची.

आठवड्याने तिचा फोन आला. ती नकाशावर माण तालुक्यात, दहिवडीच्या आसपासच्या डोंगरांवर फिरत होती. "मामा, तुमचा नियम चुकलाय. इथं सगळा डोंगरच आडव्या रेघांचा आहे."

तिचं बरोबर होतं, आणि हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. आपला डोंगर हा थरांचा डोंगर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी तो पसरला, थिजला, त्यावर पुढचा आला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा दगड आहे. यातल्या एका गटाला जगभरचे भूशास्त्रज्ञ 'वाई उपगट' म्हणतात, आपल्या वाईवरून. त्याच्या आतल्या थरांची नावं पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने खाली उतरताना गाडी या नावांमधूनच उतरत असते. प्रत्येक थराचा घट्ट भाग झिजायला कठीण, म्हणून तिथे उभा कडा राहतो. सच्छिद्र भाग लवकर कुजतो, तिथे उतार होतो. कडा, उतार, कडा, उतार. या दगडाला ट्रॅप म्हणतात, आणि तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. थर जवळजवळ सपाट असल्याने त्यांच्या कडाही एकाच उंचीवरून डोंगराभोवती फिरतात. अगदी पाटासारख्या. वरून बघणाऱ्या परक्याला सह्याद्री हा कुणीतरी बांधलेल्या पायऱ्यांचा प्रचंड चौथरा वाटू शकेल.

आणि त्याच डोंगरावर गावकऱ्यांनी श्रमदानाने खोदलेले सलग समतल चर आहेत. तेही एकाच उंचीवरून जाणारे. एक रेघ सहा कोटी वर्षांची, तिच्या शेजारची परवाच्या उन्हाळ्यातली, आणि दोन्ही आडव्या.

आम्ही बराच वेळ दोन्ही रेघांकडे बघत बसलो. फरक हळूहळू दिसू लागतो. नैसर्गिक पायऱ्यांची उंची एकसारखी नसते, एखादा लाव्हा जाड आला, एखादा पातळ. चरांमधलं अंतर ठरवून घेतलेलं असतं. पायरीची रुंदी ठिकठिकाणी बदलते, चराची बदलत नाही, कारण ती फावड्याच्या आणि जेसीबीच्या बकेटच्या मापाची असते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पायरी दगडाचं ऐकते. जिथे घट्ट थर संपतो तिथे ती संपते. चर मुरूम लागो की काळा पाषाण, त्याला ठरवल्याप्रमाणे पुढे जातो, आणि तो थांबतो तो बहुतेक कुणाच्या तरी बांधावर.

दगडाचा स्वभाव झुगारून जाणारी रेघ दिसली की कान टवकारावेत, असं मला तेव्हापासून वाटतं. तरी हाही नियम पक्का नाही. लाव्हा वर येताना भेगेतच थिजला तर उभी भिंत तयार होते, तिला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारकडे अशा भिंती मैलोन्मैल सरळ गेल्या आहेत, आडव्या थरांना कापत. कोणी बांधल्यासारख्या. पन्हाळ्याजवळ बांदिवड्याला आणि मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला बसाल्टचे खांब आहेत, कित्येक तर सहा बाजूंचे. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तशाच या, फक्त चिखल वाळून आकसतो आणि लाव्हा निवताना आकसतो, म्हणून भेगा खोलवर जातात आणि खांब सुटे होतात. असेच खांब मंगळावरच्या एका विवराच्या कडेला दिसल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्याने बांदिवडं पाहिलं आहे तो त्या फोटोने दचकणार नाही. ज्याने पाहिलेलं नाही त्याला तिथे देऊळ दिसेल.

आकार फसवतो, तर रसायन तरी खरं बोलेल का? इथे मला ओक्लोची गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या मते या सगळ्या विषयात तिच्यासारखी दुसरी नाही.

मे १९७२. फ्रान्समधल्या एका अणुइंधनाच्या कारखान्यात युरेनियमची नेहमीची तपासणी चालू होती. निसर्गातल्या युरेनियममध्ये दोन मुख्य भाऊ असतात, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू: २३८ आणि २३५. अणुभट्टीत जळतो तो २३५, आणि त्याचं प्रमाण सगळीकडे सारखं मिळतं: ०.७२० टक्के. पृथ्वीवर, चंद्राच्या दगडांत, उल्कांत, तेच. त्या दिवशीच्या नमुन्यात ते ०.७१७ भरलं. तीन हजारांशाचा फरक. अणुइंधनाच्या धंद्यात एवढाही फरक सोडून देता येत नाही, कारण जळाऊ युरेनियम कुठेतरी गेलं याचा तो अर्थ होतो. माग काढत शास्त्रज्ञ आफ्रिकेतल्या गॅबॉन देशातल्या ओक्लोच्या खाणीपर्यंत पोहोचले. तिथल्या काही नमुन्यांत प्रमाण आणखी कमी निघालं, आणि सोबत अणूंचं विभाजन झाल्यावर उरतात तीच मूलद्रव्यं, त्याच प्रमाणात. वापरलेल्या अणुइंधनाची राख, असंच म्हणायचं. खडकाचं वय सुमारे २०० कोटी वर्षं.

आता सांगा, अणुभट्टी चालल्याची राख २०० कोटी वर्षांच्या खडकात सापडली, तर पहिला विचार कुणाचा येईल?

उत्तर भूशास्त्रात होतं. २३५ हा २३८ पेक्षा बराच लवकर क्षय पावतो. म्हणजे मागे जावं तसं त्याचं प्रमाण वाढत जातं, आणि २०० कोटी वर्षांपूर्वी ते तीन टक्क्यांहून जास्त होतं. आजच्या पुष्कळ अणुभट्ट्यांत मुद्दाम समृद्ध करून घातलेलं इंधन साधारण याच प्रमाणाचं असतं. खनिजाचा थर पुरेसा जाड होता. भेगांतून पाणी झिरपत होतं, आणि पाण्यामुळे न्यूट्रॉनचा वेग कमी होतो, म्हणजे एका अणूच्या विभाजनातून पुढच्याचं, अशी साखळी चालू राहते. भट्टी आपोआप पेटली. तापली की पाण्याची वाफ होऊन जायची, पाणी गेलं की साखळी थांबायची, खडक निवला की पाणी परत यायचं. खनिजात अडकून राहिलेल्या झेनॉन वायूवरून नंतर हिशेब काढला गेला: साधारण अर्धा तास चालू, अडीच तास बंद. हे लाखो वर्षं चाललं. असं घडू शकतं हे पॉल कुरोडा या शास्त्रज्ञाने १९५६ मध्येच गणिताने मांडलं होतं, ओक्लो सापडायच्या सोळा वर्षं आधी. मांडलं नसतं तर, मला खात्री आहे, आजही ओक्लोच्या नावाने यूट्यूबवर वेगळेच व्हिडिओ फिरत असते. तसे थोडे फिरतातच.

म्हणजे निसर्ग चौकट करतो, पायऱ्या करतो, खांब करतो, अणुभट्टीसुद्धा करतो. तंत्रज्ञानाची खूण शोधणाऱ्याला आधी या सगळ्याची यादी पाठ हवी.

दुसरी अडचण काळाची. खूण टिकायला तर हवी. २०१८ मध्ये नासाचे हवामानशास्त्रज्ञ गॅव्हिन श्मिट आणि रॉचेस्टर विद्यापीठाचे खगोलशास्त्रज्ञ ॲडम फ्रँक यांनी एक प्रश्न विचारला: आपल्या आधी, कोट्यवधी वर्षांपूर्वी, याच पृथ्वीवर एखादी औद्योगिक संस्कृती होऊन गेली असती तर आपल्याला ते कळलं असतं का? अशी संस्कृती होती असं ते दोघे मानत नाहीत. खडक किती आठवणीत ठेवतो, हे तपासायला त्यांनी प्रश्न मांडला.

उत्तर ऐकून मला घाटातला एक लाल पट्टा आठवला. साताऱ्याच्या घाटांत रस्ता कापलेल्या जागी दोन काळ्या थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी मातीची रेघ दिसते. एक लाव्हा येऊन गेला, त्यावर दगड कुजून माती झाली, काही काळ गेला, मग पुढच्या लाव्ह्याने ती माती भाजली. त्या मातीवर झाडं असतील, पावसाळे गेले असतील. उरलं काय? हातभर जाडीची लाल रेघ. त्या काळात तिथे एखादं शहर असतं तर त्याच्या वाट्याला यातलं किती आलं असतं?

आजची सगळी शहरं मिळून पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी जागेवर आहेत. समुद्राचा तळ सतत नवा होत असतो, त्यावरचा फार जुना खडक १८ कोटी वर्षांच्या आसपासचा, त्याआधीचा जवळपास सगळा परत पोटात गेलेला. इमारती, रस्ते, यंत्रं यांवर भरवसा ठेवता येत नाही. श्मिट आणि फ्रँक म्हणतात, खूण उरेल ती रसायनात: जाळलेल्या कोळशा-तेलामुळे बदललेलं कार्बनचं प्रमाण, खतांमुळे वाढलेला नायट्रोजन, प्लॅस्टिकचे कण, अणुस्फोटांचं प्लुटोनियम. आणि इथेही पुन्हा तीच गल्लत वाट बघत असते, कारण ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वी ५ ते ८ अंशांनी तापली होती, तेव्हाही खडकातल्या कार्बनने असाच झोका खाल्ला, आणि तो कुठल्याही कारखान्याशिवाय.

शुक्रावर तर शोधूच नये. तिथला बराचसा पृष्ठभाग अंदाजे ३० ते ६० कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याने नवा केलेला, तापमान ४६० अंशांच्या वर, हवेचा दाब आपल्या नव्वद पट. तिथे जाऊन पोहोचलेली आपलीच यानं जेमतेम दोन तास तग धरू शकली.

टिकायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे चंद्र. वारा नाही, पाऊस नाही, ओढा नाही. सूक्ष्म उल्का सतत पडत राहतात, पण त्यांनी झीज होते ती दहा लाख वर्षांत साधारण एक मिलिमीटर. चंद्रावरचे काळे डाग, ज्यांत आपण ससा बघतो, ते आपल्याच दगडाचे भाऊबंद: बसाल्ट, फक्त तीनशे-साडेतीनशे कोटी वर्षांचे. अपोलोच्या अंतराळवीरांच्या पायवाटा २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या लूनर रिकोनिसन्स ऑर्बिटरच्या फोटोंत आजही दिसतात. म्हणून पॉल डेव्हिस आणि रॉबर्ट वॅग्नर या अभ्यासकांनी सुचवलं, की चंद्राचे हे फोटो सगळ्यांना खुले आहेत, अर्ध्या मीटरची वस्तू एका ठिपक्यात येते, तर त्यात कुणी परक्याने टाकून दिलेलं काही आहे का तेही बघावं. खर्च जवळजवळ शून्य. सापडण्याची शक्यता फार कमी, हे तेही मान्य करतात.

हे काम किती अवघड आहे ते आपल्याच एका दुःखाने दाखवून दिलं. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरताना संपर्काबाहेर गेला. तो कुठे पडला हे शोधायला नासाने त्या भागाचे फोटो प्रसिद्ध केले. चेन्नईचे इंजिनिअर षण्मुग सुब्रमण्यन यांनी आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवून ठिपका न् ठिपका ताडून पाहिला. त्यांना एक उजळ ठिपका मिळाला, जो आधी नव्हता. एकच पिक्सेल. नासाने तपासलं, आणि डिसेंबरमध्ये जाहीर केलं की हो, तो विक्रमचाच तुकडा, मुख्य जागेपासून सुमारे ७५० मीटरवर. विचार करा: यान आपलं, जागा अंदाजे माहीत, दिवस माहीत, आधीचा फोटो हाताशी. तरी शोधायला आठवडे लागले. ज्या वस्तूचं रूपच ठाऊक नाही, जी कधी आली ते ठाऊक नाही, जिचा 'आधीचा' फोटो नाही, ती आपण ओळखणार कशी? मला वाटतं, आधी चंद्रावरचा प्रत्येक प्रकारचा दगड ओळखू यायला लागेल, आणि मग जो कशातच बसत नाही तो वेगळा निघेल. संगणकाला नेहमीची चंद्रभूमी शिकवून विसंगत तेवढं बाजूला काढायला लावायचे प्रयोग याच वाटेने चालले आहेत.

आता उलटा विचार करू. दुसरा कोणी आपल्याकडे बघत असेल तर साताऱ्यात त्याला काय सापडेल? रात्रीचे दिवे दिसतील. चाळकेवाडीच्या पठारावर कड्याच्या धारेने, ठरावीक अंतरावर उभ्या पवनचक्क्या दिसतील. पण मी भूशास्त्राचा माणूस, मला वाटतं सगळ्यात विलक्षण खूण पाटणकडे, जमिनीच्या आत आहे.

कोयना धरण १९६० च्या दशकात भरायला लागलं आणि त्या भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, तीव्रता सहाच्या वर. कोयनानगर कोसळलं. आमच्या घरात वडीलधारी माणसं ती पहाट आयुष्यभर सांगत राहिली. त्यानंतर आजवर या भागात धक्के थांबलेले नाहीत, आणि ते साधारण ३० बाय २० किलोमीटरच्या लहानशा पट्ट्यातच येतात. पावसाळ्यात धरणाचा शिवसागर जलाशय भरतो, उन्हाळ्यात उतरतो, आणि धक्क्यांचं प्रमाण त्या चढउताराशी जोडलेलं दिसतं. पाण्याचा भार आणि फटींतून खोल शिरलेलं पाणी, दोन्हींनी आधीच ताणलेला प्रस्तर सरकतो. हे समजून घ्यायला कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि कोयना भागात तीन किलोमीटर खोल भोक घेतलं गेलं. वरचा काळा दगड सुमारे सव्वा किलोमीटरवर संपला, खाली कितीतरी जुना ग्रॅनाइट लागला.

कल्पना करा, कोणी दुरून येऊन इथे भूकंपमापक ठेवला आहे, जसा २०१८ मध्ये आपण इनसाइट यानाने मंगळावर ठेवला. त्याला धरण दिसत नाही. फक्त हादरे कळतात, दर वर्षी पावसाच्या तालावर कमीजास्त होणारे, एकाच छोट्या जागेतले. तो याला घडीव म्हणेल की स्वयंभू? प्रस्तर तर स्वयंभूच आहे. ताणही. त्याला चाळवलं ते माणसाने भरलेल्या पाण्याने. ओढा आणि पाट एकमेकांत मिसळलेली अशी खूण पाठ्यपुस्तकातल्या दोन रकान्यांत बसत नाही. परग्रहावर खरोखर काही सापडलं तर ते असंच अर्धंअर्धं असेल असा माझा अंदाज आहे, आणि तेव्हा कोयनेचा पन्नास-साठ वर्षांचा अभ्यास कुणाच्यातरी उपयोगी पडेल.

भाची आता कॉलेजात आहे. चंद्राचे खुले फोटो बघायचा नाद तिला लागला तो लागलाच. मागच्या महिन्यात रात्री अकराला फोन. "मामा, चाकोरी सापडली!" एका विवराच्या उतारावरून सरळ खाली जाणारी रेघ, चांगली लांब, रुंदी जवळजवळ सारखी, आणि मध्ये मध्ये तुटक, चाकाचा ठसा उमटावा तशी. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "थांबा, मी मोठा करून बघते." थोडा वेळ दोन्हीकडे शांतता. मग तिचाच आवाज, "खाली टोकाला दगड आहे. गडगडत आलाय."

चंद्रावर अशा गडगडलेल्या दगडांच्या वाटा पुष्कळ आहेत. दरड कोसळल्यावर आपल्या घाटातही त्या उमटतात, फक्त पुढचा पाऊस त्या पुसून टाकतो.

"पण मामा," ती म्हणाली, "रेघा दोन असत्या तर? एकमेकींना धरून, सारख्या अंतराने?"

मी तिला ले मॉनिए विवराचा फोटो काढायला सांगितला. १९७३ मध्ये रशियाची लुनोखोद-२ ही आठ चाकांची गाडी तिथे सुमारे ३९ किलोमीटर चालली. धूळ उडवायला तिथे वारा नाही. दोन्ही रेघा अजून तशाच आहेत, खड्ड्यांना वळसा घालत जाणाऱ्या. तिने फोटो उघडला आणि शेवटी जिथे गाडी थांबली आहे तिथपर्यंत बोटाने त्यांच्या मागे मागे गेली.